सुनयना सिस्टरचा नंबर

निपाणीच्या बाहेर, हायवेला लागून आमचं हॉस्पिटल आहे. खाली अपघात विभाग, वर वॉर्ड आणि मागच्या बाजूला डॉक्टरांचं घर. मी वॉर्डात सिस्टर आहे आणि सुनयना मधाळे खाली अपघात विभागात. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणते. मी मूळची कडोलीची, लग्न होऊन इकडं आले. ती इथलीच. तिची सासू यल्लव्वा तंबाखूच्या वखारीत राबून म्हातारी झाली, तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. मुलगा भीमरत्न बस डेपोत क्लार्क झाला तेव्हा यल्लव्वानं एकच हट्ट धरला होता, सून शिकलेली पाहिजे, वखारीचं तोंड न बघितलेली. म्हणून बेळगावात नर्सिंग केलेली सुनयना या घरात आली.

आक्काचा हात शांत आहे. हायवेवरचा अपघात आत येतो तेव्हा काय असतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जखमी माणूस ओरडत असतो आणि त्याचे नातेवाईक आपल्यालाच दंडाला धरून हलवत असतात. "बसा. नाव सांगा. श्वास घ्या," एवढंच ती बोलायची आणि समोरचा माणूस खरंच बसायचा.

तिला दोन मुलं. पारमिता मोठी, बेळगावात बी. फार्म. करत होती. धाकटा प्रज्ञेश इथंच डिप्लोमाला होता. दुसऱ्या वर्षाला असताना त्याला पंख्यातनं आवाज ऐकू यायला लागले. कुणीतरी आपल्याला नावानं शिव्या देतंय म्हणायचा आणि उन्हाळ्यातही पंखा बंद करून घामाघूम होऊन बसायचा. आक्कानं लपवाछपवी केली नाही. सरळ बेळगावच्या मानसोपचार डॉक्टरांकडं नेला. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज थांबले. पण पोरगा सुजल्यासारखा जाड झाला, दिवसभर झोपायला लागला. संध्याकाळी तेवढा उठायचा आणि आजीच्या शेजारी बसून मालिका बघायचा. त्या मालिकेत एक पोलीस इन्स्पेक्टर होता, हरवलेली माणसं शोधून काढायचा. यल्लव्वाला ती मालिका आहे हे कळायचं, पण इन्स्पेक्टर खोटा आहे हे तिला कधी पटलं नाही.

मग प्रज्ञेश गोळ्या गालात धरून नंतर थुंकायला लागला. आक्काच्या ते लक्षात आलं तोवर बरेच दिवस गेले होते. एका सकाळी आक्का पहिल्या पाळीला आली होती आणि भीमरत्न अण्णा डेपोत होते. "आज्जे, जरा फिरून येतो," म्हणून तो घराबाहेर पडला. बेळगावला गेला आणि तिथनं रेल्वेनं लोंढ्याला. लोंढ्याच्या फलाटावर त्यानं चहा घेतला, एवढं तिथल्या चहावाल्याला आठवत होतं. लोंढ्यातनं एक गाडी गोव्याकडं जाते, एक हुबळीकडं, आणि एक परत बेळगावावरनं मिरज-पुण्याकडं. तो कुठल्या गाडीत बसला ते कुणी बघितलं नव्हतं.

निपाणीच्या पोलिसांत तक्रार झाली. निपाणी कर्नाटकात, म्हणून ती कन्नडात लिहिलेली होती. आक्का आणि अण्णा तिची प्रत घेऊन कोल्हापुरात गेले, गोव्यात गेले. जिथं तिथं पोलीस विचारायचे, तुमची हद्द कुठली. निपाणीतनं अर्धा तास गेलं की महाराष्ट्र लागतो, तिकडं आमचं अर्धं सोयरगोत आहे. एरवी ती हद्द आम्हाला जाणवतसुद्धा नाही. त्या वर्षी ती आक्काला पावलोपावली जाणवली.

वर्ष होत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. पाऊस उघडला होता. दुपारच्या सुमारास तवंदी घाट उतरताना एक मोठी गाडी दुभाजकाला घासत गेली आणि त्यातल्या माणसांना आमच्याकडं आणलं. ड्रायव्हरला मुका मार होता. मागच्या सीटवर निनाद सरंजामे होता, त्याच मालिकेतला इन्स्पेक्टर. गोव्याला शूटिंग होतं म्हणून मुंबईहून निघाला होता. भुवईच्या वर खोल चीर पडली होती, बाकी काही नाही. पण पंधरा मिनिटांत फाटकाशी अर्धी निपाणी गोळा झाली. डॉक्टरांच्या घरची मंडळी मागनं पुढं आली. गर्दी आवरायला मला वॉर्डातनं खाली बोलावलं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

डॉक्टरांनी टाके घातले आणि पट्टी बांधायला आक्का पुढं झाली. त्यानं विचारलं, "सिस्टर, इथं सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले, तुम्ही सोडून. मालिका बघत नाही वाटतं?"

"हलू नका," आक्का म्हणाली. "आधी बघायचो. मुलगा आणि त्याची आजी रोज लावायचे."

"आणि आता बंद केली? बरोबर आहे, मध्ये जरा कंटाळवाणीच झाली होती."

"मुलगा घरात नाही."

"शिकायला गेलाय?"

"नाही. हरवलाय."

हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच थोडा वेळ राहिलं, मग गेलं. त्यानं सगळं विचारलं. आक्कानं पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, जसं एका पाळीची सिस्टर दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती देते तसं. वय, आजार, गोळ्यांची नावं, शेवटचं कुठं दिसला. त्यानं फोटो मागितला. तिच्या मोबाईलमध्ये पारमिताच्या वाढदिवसाचा फोटो होता, प्रज्ञेशच्या गालाला केक लागलेला.

"आपण एक व्हिडिओ करू या," तो म्हणाला. "मला बघणारे खूप आहेत. कुठंतरी, कुणाला तरी दिसला असेल."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "कर की गं आक्का. बिघडतंय काय?"

त्याचा मॅनेजर सूरज बाहेर फोनवर होता. म्हणून सरंजामेनं आपला मोबाईल माझ्या हातात दिला आणि तो व्हिडिओ मी काढला. डोक्याला पांढरी पट्टी, शर्टावर रक्त, हातात आक्काचा मोबाईल आणि त्यावर प्रज्ञेशचा फोटो. तो म्हणाला, मी सुखरूप आहे, माझी काळजी करू नका. माझ्या जखमेवर पट्टी बांधणाऱ्या या ताईंचा मुलगा हरवलाय, काळजी करायची तर त्याची करा. मग त्यानं आक्काला नंबर विचारला. तिनं स्वतःचा सांगितला. त्यानं तो दोनदा, सावकाश म्हणून दाखवला. जाताना तो वाकून तिच्या पाया पडला. आक्का मागं सरकली, तिला ते आवडलं नाही. पण माणूस चांगला होता. आजही मी तेच म्हणेन.

नट जखमी झाला ही बातमी होती, म्हणून तो व्हिडिओ सगळीकडं गेला. त्याच संध्याकाळपासनं आक्काचा फोन वाजायला लागला. वसईचा माणूस, सुरतेची बाई, नांदेडचा कंडक्टर, हुबळीतला मोबाईल दुकानदार. "तुमचा मुलगा इथं बसस्टँडवर बसलाय." "कालच आमच्या गल्लीतनं गेला." लोक स्वतःहून फोटो काढून पाठवायचे. दाढी वाढलेली, अंगावर फाटकी चादर घेतलेली पोरं. आक्का एकेक फोटो मोठा करून बघायची, कान बघायची, कपाळ बघायची. भीमरत्न अण्णांनी डेपोत रजा टाकली. पारमिता बेळगावहून आली आणि आलेले फोन लिहून घ्यायला बसली. घरात वर्षभरानं बोलणं सुरू झालं. यल्लव्वानं प्रज्ञेशचे कपडे पेटीतनं काढून धुतले, उन्हात घातले. "इन्स्पेक्टरनं मनावर घेतलंय," ती शेजारणींना सांगायची. "आता न्हाय सुटायचा."

आक्का आणि अण्णा मिरजेला गेले, सोलापूरला गेले, हुबळीला गेले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी होतं. तो प्रज्ञेश नव्हता एवढंच. सोलापूरहून परत आल्यावर आक्का मला म्हणाली, "मंगल, किती पोरं हैत गं रस्त्यावर. मला वाटायचं, माझं एकटीचंच गेलंय."

मग नाशिककडच्या एका आश्रमातनं फोन आला. रस्त्यावर सापडलेल्या, मनाचा तोल गेलेल्या माणसांना ते ठेवून घेतात, औषधपाणी करतात. तिथला व्यवस्थापक म्हणाला, वय जुळतं, बांधा जुळतो, हा मुलगा नाव सांगत नाही. तुम्ही येऊन बघाच.

ते दुपारी पोचले. मुलगा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. दाढी, जाड अंग, खाली घातलेली मान. अण्णा म्हणतात, लांबून त्यांना तो प्रज्ञेशच वाटला. जवळ गेल्यावर मुलानं मान वर केली. तो प्रज्ञेश नव्हता. आक्काला ते तत्काळ कळलं. पण त्या मुलानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, आलीस?"

व्यवस्थापकाला वाटलं, जुळलं. "बघा, नीट बघा. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बोललाय. दाढीनं चेहरा बदलतो."

"हा माझा न्हाय," आक्का म्हणाली.

मुलगा म्हणाला, "आई, भूक लागल्या."

जेवणाची वेळ होती. आक्का त्याच्यासमोर खाली बसली आणि ताटातला भात कालवून त्याला घास भरवले. त्यानं सगळं ताट संपवलं. ती उठायला लागली तसा त्यानं तिचा पदर धरला. आश्रमातल्या दोघांनी त्याची मूठ सोडवली. परतीच्या बसमधलं मला अण्णांनी सांगितलं. कराडच्या पुढं आल्यावर आक्का म्हणाली, "त्याच्या नखांत माती हाय. कापायला सांगायचं राहिलं."

घास भरवताना आश्रमातल्या कुणीतरी फोटो काढला होता. आश्रमानं तो आपल्या पानावर टाकला. हरवलेल्या मुलाला शोधत आलेल्या आईनं आमच्या एका मुलाला जेवू घातलं, असं खाली लिहिलं होतं. लिहिलेलं खरंच होतं. पण तो फोटो दुसऱ्या कुणी उचलला, तिसऱ्यानं उचलला, आणि कुठंतरी वाटेत त्याचे शब्द बदलले. "अखेर माय-लेकराची भेट. निनाद सरंजामेच्या एका व्हिडिओनं केली जादू." फोटोत मुलाचा चेहरा बाजूनं दिसत होता, दाढीत लपलेला. आक्का मात्र स्पष्ट ओळखू येत होती.

मला तो कडोलीहून माझ्या भावानं पाठवला. मी धावत खाली गेले. आक्का एका पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. मी मोबाईल पुढं धरला. तिनं वाचलं आणि परत पट्टीकडं वळली. "मला सकाळपासनं फोन येत्यात," म्हणाली. "समदी अभिनंदन करत्यात."

त्याच दुपारी डेपोतले लोक पेढे घेऊन अण्णांच्या घरी आले. अण्णांनी दारातच सांगितलं, खोटं आहे. पेढ्याचा बॉक्स हातात धरून ती माणसं तशीच उभी राहिली. शेवटी एकानं तो बॉक्स कट्ट्यावर ठेवला आणि सगळे गेले.

निनाद सरंजामेनंही तो फोटो पुढं पाठवला. त्याला कुणीतरी पाठवला असणार आणि त्यानं विश्वास ठेवला असणार. "आजचा दिवस सार्थकी लागला," असं त्यानं वर लिहिलं. ज्या लाखो लोकांनी पहिला व्हिडिओ बघितला होता त्यांनी हाही बघितला. आणि तिथनं पुढं आक्काला खबर देणारे फोन थांबले. हरवलेलं पोर सापडलं म्हटल्यावर शोधतंय कोण?

पोलिसांतही तेच झालं. तपासाचे हवालदार बदलले होते. आक्का विचारायला गेली तर नवे हवालदार हसून म्हणाले, "सिक्किदाना अल्वा? सापडलाय न्हवं? व्हिडिओ बघितला मी." आपला मुलगा सापडलेला नाही हे आक्काला तिथं बसून सिद्ध करावं लागलं. आश्रमाच्या व्यवस्थापकाचं फोनवर बोलणं करून दिलं. हवालदार भला होता, त्यानं ऐकून घेतलं. पण निघताना म्हणाला, "आक्का, बघा बरं, तुम्ही ओळखायला चुकला तर न्हाईसा?"

हे बोलणं आक्काच्या डोक्यात बसलं. तिनं आश्रमाला फोन करून त्या मुलाचे आणखी फोटो मागवले. मी म्हटलं, "आक्का, तुझं पोर तुला कळत न्हाय व्हय?" ती म्हणाली, "कळतंय. पण सगळा मुलुख एकीकडं आणि मी एकटी एकीकडं."

यल्लव्वाच्या कानावर बातमी गल्लीतनं आली. ती दारात येऊन बसली आणि अण्णा डेपोतनं आल्यावर विचारलं, "प्रज्ञेश गावलाय म्हणं. घरला का आणला न्हाईस रं?"

अण्णा चपला काढता काढता म्हणाले, "व्हय आये. तिकडं दवाखान्यात हाय. बरा झाला की आणतो."

आक्का स्वयंपाकघरात ऐकत होती. म्हातारी आत गेल्यावर ती म्हणाली, "का सांगितलासा असं?"

"तिचं किती दिस उरल्यात? जाऊ दे की सुखानं."

आक्काला ते पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी यल्लव्वानं तिला विचारलं, "जेवतोय का गं पोरगं?" तेव्हा तिच्या तोंडून "जेवतोय" असंच गेलं. मग रोजच ते चालू झालं. फोनवर बोलू दे म्हटलं की डॉक्टर फोन देत नाहीत असं सांगायचं. यल्लव्वा ऐकून घ्यायची. तिला पोरगा आणि सून दोघांवर विश्वास होता. आल्यागेल्याला ती इन्स्पेक्टरचं कौतुक सांगायची. उन्हाळ्यात खोकला छातीत उतरला आणि ती गेली. विहारात शोकसभा झाली. लांबलांबची माणसं आली होती. त्यातल्या कितीतरी जणांनी आक्काला विचारलं, "नातू आला न्हाय व्हय आज्जीच्या मातीला?"

त्यानंतर आक्कानं ठरवलं, ज्याच्या तोंडून हे पसरलं त्याच्याच तोंडून पुसलं पाहिजे. सरंजामेचा नंबर कुणाकडं नव्हता. त्याच्या पानावर तिनं आणि पारमितानं कितीदा तरी लिहिलं, पण तिथं रोज हजारो लोक लिहितात. मग कळलं, बेळगावात एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला तो येणार आहे. आक्कानं मला विचारलं, येतेस का. आम्ही दोघी सकाळच्या बसनं गेलो.

रस्ता माणसांनी भरला होता. बँजो वाजत होता. आम्ही कशाबशा दोरीपर्यंत पोचलो. तो गाडीतनं उतरला आणि दुकानाकडं जाताना त्याची नजर आक्कावर पडली. त्यानं लगेच ओळखलं, मला वाटलं नव्हतं. "सुनयनाताई," म्हणून तो दोरी उचलून आमच्याकडं आला. भुवईवरची खूण दिसत होती. त्यानं तिला हाताला धरून आत नेलं, थेट स्टेजवर, आणि कुणाच्या तरी हातातला माइक घेतला.

"बेळगावकर, या ताईंना ओळखलं का? यांचा हरवलेला मुलगा..."

लोकांना आठवलं. टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या वाजल्या. आक्का त्याच्या कानाशी वाकली. ती काय बोलली ते मला खाली ऐकू आलं नाही, नंतर तिनं सांगितलं. "माझा मुलगा सापडला नाही. तो फोटो दुसऱ्याच मुलाचा आहे."

त्यानं ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते. टाळ्या चालू होत्या आणि त्यानं माइक खाली केला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." आक्का म्हणाली, "आता सांगते आहे. तुम्ही यांना सांगा." त्यानं समोर बघितलं. दुकानाचा मालक हात जोडून कडेला उभा होता, त्याची मुलगी ओवाळायचं ताट धरून. सूरज मागनं येऊन म्हणाला, "सर, फीत." सरंजामे आक्काला म्हणाला, "ताई, इथं नको. मी करतो. आजच करतो. शब्द देतो." आणि सूरजनं तिला अदबीनं, कोपराला धरून खाली आणून सोडलं.

त्यानं शब्द पाळला, त्याच्या परीनं. त्याच दिवशी त्यानं खुलासा लिहिला, प्रज्ञेश अजून सापडलेला नाही, चूक झाली, माफ करा. पण तो खुलासा एक दिवस राहून आपोआप नाहीसा होणाऱ्यातला होता. त्याच्या माणसांनी तो घास भरवतानाचा फोटो काढून टाकला. त्याच्याबरोबर पहिला व्हिडिओही काढून टाकला, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. दुसऱ्यांनी घेतलेल्या नकला तशाच फिरत राहिल्या. आजही फिरतात.

त्या पावसाळ्यात मी आणि आक्का जेवायला बसलो होतो तेव्हा तिला एक फोन आला. चंदगडकडची एक बाई होती, मनुबाई नावाची. आधी ती रडलीच. मग सांगितलं, तिच्या पुतण्यानं तो फोटो दाखवला होता. "तुमच्या हातनं घास खाताना बघितला, बाई, तवा कळलं, ह्यो तर माझा ल्योक, ज्योतिबा. चार वर्सं झाली जाऊन. म्या म्हणलं, मेला आसंल." ती माणसं नाशिकला जाऊन त्याला घेऊन आली होती. तो चुलीपुढं बसलाय, ती म्हणाली, तुम्हाला आई म्हणला म्हणं, तुम्ही माझ्या थोरल्या भैनीवानी.

आक्का ऐकत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. ती म्हणाली, "मनुबाई, औषध चुकवू नका. गोळी दिली की तोंड उघडायला लावा, जिभेखाली बघा. गालात धरून थुंकतात."

"व्हय, बाई."

"आणि नखं कापा."

फोन ठेवून तिनं डबा झाकला. अर्धी भाकरी तशीच होती. चंदगड आमच्यापासनं काही लांब नाही, तिकडचे पेशंट आमच्या हॉस्पिटलात नेहमी येतात.

नंतर जे फोन यायचे ते वेगळेच. कुणाला सरंजामेचा नंबर हवा असायचा, कुणाला मालिकेत काम. दारू पिऊन कुणी उगीच बोलत बसायचं. एकानं मुलगा आपल्या ताब्यात आहे म्हणून पैसे मागितले, अण्णांनी पाठवलेसुद्धा. पारमिता आता हैदराबादला एका औषध कंपनीत आहे. ती सुट्टीला आली की आईच्या मागं लागते, "आई, हा नंबर बंद कर. तू झोपत नाहीस." अण्णांनीही सांगून बघितलं. आक्का म्हणते, "त्याला दुसरा कुठला नंबर पाठ हाय?" नंबर तोच ठेवलाय.

खात्रीचे फोन आता एकाच ठिकाणहून येतात, पोलिसांकडून. बेवारस प्रेत सापडलं, वय जुळलं की ते फोटो पाठवतात. आक्का ड्युटीवरच बघते आणि कळवते, हा नाही. एवढी वर्षं अपघात विभागात काढल्यामुळं तिला ते बघवतं. अण्णांना ती दाखवत नाही.

गेल्या मार्गशीर्षात असाच फोन आला. हुबळीच्या अलीकडं रुळांच्या कडेला सापडलेला, चेहरा ओळखण्याच्या पलीकडं गेलेला. फोटोवरनं सांगता येईना, तुम्ही या म्हणाले. दोघं गेले. प्रज्ञेशच्या उजव्या पायाचं धाकटं बोट लहानपणी सायकलच्या साखळीत चेपलं होतं. आक्कानं फक्त पायावरचं कापड काढायला सांगितलं. बोटं सगळी नीट होती. तिनं कापड परत घातलं आणि सही केली.

हुबळीच्या स्टँडवर बस यायला वेळ होता. तिथल्या कँटीनमध्ये दोघं समोरासमोर बसले. अण्णांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "त्योच आसता तर बरं झालं आसतं गं. सुटलो आसतो."

हे आक्कानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पाळी बदलताना, हात धुता धुता. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? माझ्या मनातलंच बोलले ते." तिनं नळ बंद केला. "तेवढ्यात बस लागली. जाऊन बसलो."